डीपीपाशी माणूस हवाच

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

मागच्या महिन्यात आपल्या वाचकांच्या पत्रात एका भाऊंनी लिहिलं होतं की मणक्याच्या ऑपरेशनच्या बिलात ‘न्यूरोमॉनिटरिंग’ म्हणून एक आकडा लावतात, ते मशीन पेशंटला दिसत नाही की नातेवाइकाला दिसत नाही, म्हणजे ही सरळ लूट आहे आणि लोकांनी ती ओळ खोडायला सांगावी. पत्र वाचून मी दुकानात बसल्या बसल्या हसलो, कारण वर्षापूर्वी मी पण हेच म्हणत होतो, अगदी ह्याच शब्दात, आणि मी ती ओळ खरंच पेनानं खोडली होती. ते एस्टिमेट अजून माझ्या ड्रॉवरात आहे. म्हणून म्हटलं आपण पण लिहावं, लांबलं तर कापा, पण मधलं कापू नका.

माझं पलूसला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. त्याआधी चार वर्षं एका कंत्राटदाराकडं पोलवर चढायचं काम केलंय. शिक्षण आयटीआय. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही, पण तार, करंट आणि लाइन चालू आहे का बंद हे कळतं, आणि ह्या मशीनचा सगळा मामला त्यातलाच निघाला.

आमची थोरली पोरगी तेव्हा चौदा वर्षांची. शाळेच्या गॅदरिंगला नऊवारी नेसवताना तिच्या आईच्या लक्षात आलं की एका बाजूला निऱ्या नीट बसतायत आणि दुसऱ्या बाजूला पदर सारखा घसरतोय. मग वेणी घालताना बघितलं तर उजवा खांदा वर. मी म्हटलं दप्तर एका खांद्यावर अडकवते म्हणून असंल. सगळे तेच म्हणाले, शेजारी, मास्तर, पाहुणे. दप्तर हलकं केलं, दोन्ही खांद्याला पट्टे लावले, एका गावात एक आजोबा हाडं बसवतात म्हणून तिथं पण नेऊन आणलं, सहा वेळा तेल लावून चोळलं. आठ महिने त्यातच गेले, ह्याचं मला अजून वाईट वाटतं. नंतर कळलं की ह्या वयात पोरींच्या मणक्याला असा बाक येतो त्याला दप्तराचं कारण नसतंच, बहुतेकांच्यात कारण सापडतच नाही म्हणून त्याला इडिओपॅथिक म्हणतात. घरी बघायची पद्धत एकदम सोपी आहे, पोराला पाय जुळवून, हात जोडून पुढं वाकायला सांगायचं आणि मागनं बघायचं, पाठीची एक बाजू डोंगरासारखी वर आली तर डॉक्टर गाठायचा. इतकंच. शाळेत पीटीच्या तासाला पाच मिनिटात अख्खा वर्ग बघून होईल.

आपल्याकडं दुखणं म्हटलं की पहिलं मिरज, तसं आम्ही पण मिरजेलाच गेलो. उभं करून पूर्ण पाठीचा एक्सरे काढला. त्यावर वरचा आणि खालचा जो सगळ्यात जास्त कललेला मणका असतो त्यावर रेघा मारून कोन काढतात, कॉब अँगल. १९४८ साली कॉब नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं ही पद्धत लिहिली आणि अजून जगभर तीच चालते. १० अंशाच्या वर गेलं तर स्कोलिओसिस म्हणायचं, वाढीच्या वयात २५ ते ४० असेल तर पट्टा घालून बाक वाढू नये बघतात, ४५-५० च्या पुढं गेलं की ऑपरेशनचं बोलणं. आमचा ५८. पट्ट्याची वेळ आम्ही तेल चोळण्यात घालवली होती. डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्या ठिकाणी जा, उशीर करू नका.

आता मुद्द्यावर येतो. पहिलं जे मोठं हॉस्पिटल गाठलं त्याचं नाव लिहीत नाही, गाव पण लिहीत नाही. तिथं काउंटरवर एस्टिमेट हातात दिलं. स्क्रू-रॉडचे पैसे, ओटी चार्ज, भूल, रक्त, आयसीयू, आणि मधे एक ओळ, न्यूरोमॉनिटरिंग पंचवीस हजार. मी विचारलं हे काय. काउंटरवरचा पोरगा म्हणाला ऑपरेशन चालू असताना नसांवर लक्ष ठेवायचं मशीन. मी म्हटलं मग डॉक्टर कशावर लक्ष ठेवणारेत? खिशात पैसे कमी असले की माणूस जरा जास्तच हुशार होतो. मी ती ओळ खोडली आणि म्हटलं हे कमी करा. मला वाटलं नाही म्हणतील, वाद होईल, तर तो आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, ‘चालेल काका, मशीन आपल्याकडं आहेच, माणूस बाहेरनं येतो, गरज पडली तर बोलवून घेऊ.’

मी खूश होऊन बाहेर आलो. चहा घेतला. आणि गाडीला किक मारायच्या आधी डोक्यात ते वाक्य परत वाजलं... गरज पडली तर.

हे ज्यानं पोलवर काम केलंय त्यालाच कळेल बघा. पोलवर चढताना एक माणूस वर असतो आणि एक माणूस डीपीपाशी, म्हणजे जिथं फ्यूज काढून लाइन बंद केलेली असते त्या पेटीपाशी, उभा असतो. डीपीवरच्याच्या हातात दुसरं काही काम नसतं. तो बिडी ओढत असतो, लोकांना वाटतं ह्याला कशाला रोज द्यायचा. पण कुणी शेतकरी वैतागून येऊन फ्यूज टाकायला लागला तर त्याचा हात धरायचं काम त्याचं. वरच्याचे दोन्ही हात तारेत गुंतलेले, त्याला खालचं काय दिसतंय? आता मला सांगा, वरचा चिकटल्यावर डीपीपाशी माणूस पाठवून काय उपयोग? गरज पडलीय हे सांगायलाच तर तो तिथं पाहिजे. आमच्या कंत्राटदाराकडं एकदा अशीच बचत झाली होती, तो पोरगा वाचला पण त्याचा डावा हात गेला.

तिथं परत गेलो नाही. किर्लोस्करवाडीवरनं रेल्वे धरली आणि पुण्याला दुसऱ्या सर्जनांकडं गेलो. पहिलाच प्रश्न विचारला, साहेब हे मॉनिटरिंग करता का आणि माणूस पूर्ण वेळ बसतो का. ते म्हणाले, तो नसला तर मी रॉड फिरवत नाही. मग त्यांनी केसपेपरच्या मागं चित्र काढून सगळं सांगितलं, वीस मिनिटं दिली, बाहेर लाइन लागली होती तरी.

त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं. मणक्यांच्या मधल्या पोकळीतनं मज्जारज्जू जातो, करंगळीएवढा जाड, मेंदूपासनं खाली. ऑपरेशनात दोन्ही बाजूनं मणक्यात स्क्रू घालायचे, त्यात दोन रॉड बसवायचे आणि रॉड फिरवून, ओढून, दाबून मणका सरळ करायचा. म्हणजे बरीच वर्षं हळूहळू वाकलेली पाइप तुम्ही तासाभरात सरळ करताय आणि आतली केबल जिवंत आहे. ती ताणली जाते, तिला रक्त देणाऱ्या बारक्या नळ्या ताणल्या जातात, त्यात बीपी कमी असेल तर रक्त पोचत नाही. स्क्रू एखादा आत सरकला तर तो पण दाबतो. आमच्या धंद्यात केबल तुटली तर जॉइंट मारता येतो, टेप गुंडाळली की झालं. इथं जॉइंट नाही. त्यांनी हे पण सांगितलं की असल्या पोरींच्यात असं व्हायचं प्रमाण कमी आहे, शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याच्याही खाली, जन्मापासनंचा बाक किंवा जास्त पोक असेल तर जास्त. पण ज्याच्या घरी होतं त्याच्यासाठी शंभरात शंभर.

मी विचारलं, मशीन नव्हतं तेव्हा काय करायचे? तर त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला हॅरिंग्टन नावाचे डॉक्टर होते, पोलिओनं मणके वाकलेली पोरं त्यांच्याकडं यायची, त्यांनी स्टीलचा रॉड आणि हुक बनवले आणि १९६२ साली ते छापून आलं. तिथनं मणका रॉडनं सरळ करणं सगळीकडं सुरू झालं, आणि त्याबरोबर कधीकधी पेशंट उठल्यावर पाय गेलेले सापडायला लागले. कळायचं केव्हा, तर भूल उतरल्यावर. मग १९७३ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या स्टॅग्नारा आणि त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी लिहिलं की रॉड बसवून झाला की पेशंटला ऑपरेशनच्या मधेच जागं करा. पाठ उघडी, पेशंट पालथा, तोंडात नळी, भूल हलकी करायची आणि कानात सांगायचं, हात दाब. हात दाबला म्हणजे ऐकतोय. मग सांगायचं, पायाची बोटं हलव. हलली की परत झोपवायचं. हात आधी का, तर हात हलला आणि पाय नाही हलला तरच मणक्यात गडबड, दोन्ही नाही हलले तर अजून झोपेतच आहे. मला हे लय आवडलं, कारण आम्ही पण फॉल्ट शोधताना आधी चालू असलेल्या दिव्यावर टेस्टर लावून बघतो, टेस्टरच बंद नाही ना.

पण ह्यात अडचण अशी की दर दहा मिनिटांनी तर जागं करता येत नाही. एकदा केलं, हललं, त्यानंतर रॉड अजून घट्ट केला आणि तेव्हा बिघडलं तर? शिवाय अर्धवट जागं झालेलं पोरगं उसळलं तर नळी निघायची भीती. तरी ही टेस्ट मोडीत निघालेली नाही, मशीनवर शंका आली की आज पण करतात. ऑपरेशनच्या आधी आमच्या पोरीला त्यांनी मुद्दाम शिकवून ठेवलं होतं, मधे आवाज दिला तर घाबरायचं नाही, बोटं हलवायची. ती घरी त्याची प्रॅक्टिस करायची, धाकटा भाऊ कानात ओरडायचा आणि ही पायाची बोटं हलवायची.

आता मशीन. इथं जरा सविस्तर लिहितो, त्या भाऊंना दिसलं नाही म्हणाले ना. मला पण ऑपरेशनच्या वेळी दिसलं नाही, पण आदल्या संध्याकाळी तो मॉनिटरिंगवाला पोरगा तपासायला आला, मूळचा कवठेमहांकाळचा निघाला, मग काय, बोलणं वाढलं. मी दुकानाचं सांगितल्यावर त्यानं मला लॅपटॉपवर जुन्या केसच्या लहरी दाखवल्या, नाव झाकून.

दोन लाइनी असतात. एक खालून वर जाणारी. घोट्यापाशी आतल्या बाजूला जी नस आहे तिथं बारीक करंट देतात, सेकंदाला चार-पाच वेळा, आणि तो निरोप पायातनं मज्जारज्जूच्या मागच्या भागातनं मेंदूत पोचला का हे डोक्यावरच्या सुया बघतात. ह्याला एसएसईपी म्हणतात. मी विचारलं किती व्होल्ट मिळतात वर? म्हणाला, व्होल्टचा दहा लाखावा भाग, तो पण एखाद-दुसरा. मी म्हटलं मग तो मेन लाइटीच्या पन्नास सायकलच्या घूं घूं मधे दिसतो कसा? तो उडालाच, म्हणाला काका, हाच आमचा निम्मा धंदा आहे! टेबलची मोटर, ब्लँकेट गरम करायचं मशीन, एक्सरेचं मशीन, सगळ्यातनं मेनचा हम येतो, अर्थिंग ढिलं असेल तर संपलंच, आणि सर्जननं रक्त थांबवायला कॉटरी वापरली की स्क्रीनवर नुसती पेरणी. मग दोनतीनशे वेळा तोच निरोप पाठवून सगळ्यांची सरासरी काढतात, हम कधी वर कधी खाली असतो म्हणून तो सरासरीत मरतो आणि खरी लहर दर वेळी त्याच जागी येते म्हणून ती उरते. मी रात्री झोपेपर्यंत ह्याचाच विचार करत होतो. सुचलं कुणाला असेल.

लहर सुरुवातीला होती त्याच्या निम्म्यावर आली किंवा पोचायला १० टक्क्यांहून जास्त वेळ लावायला लागली तर सर्जनला ओरडून सांगायचं, असा नियम.

पण ही झाली एकच लाइन, आणि ती मागच्या भागातली, म्हणजे स्पर्शाची. पाय हलवायचा हुकूम वरनं खाली येतो तो मज्जारज्जूच्या दुसऱ्या भागातनं, आणि त्याला रक्त देणारी मोठी नळी पुढच्या अंगाला आहे. मागची लाइन चांगली आणि पुढची गेली असं होऊ शकतं, झालंय पण. नुसत्या एसएसईपीवर विसंबलेल्या केसमधे सगळं हिरवं दिसून पेशंट उठला तर पाय हलत नाहीत, असं. म्हणून दुसरी टेस्ट, एमईपी. ह्यात डोक्याला शॉक देतात आणि पायाच्या स्नायूत खोवलेल्या सुयांवर झटका पोचला का बघतात. मी विचारलं किती देता? तीनशे-चारशे व्होल्ट.

मी खुर्चीतनं उठलो. अहो आमची थ्री फेज चारशे पंधराची! पोरीच्या डोक्याला थ्री फेज? तो हसायला लागला, म्हणाला काका वेळ बघा ना, एकेक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा पण बारीक, असे पाच-सहा ठोके लागोपाठ, बस्स. वेळ एवढा कमी म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं, कुंपणाच्या झटका मशीनचा पण हाच हिशोब असतो. १९८० साली इंग्लंडमधे मर्टन आणि मॉर्टन ह्या दोघांनी जाग्या माणसाच्या कवटीवरनं असा करंट देऊन स्नायू हलवून दाखवला, तिथनं ही गोष्ट सुरू झाली. पण भूल दिलेल्या माणसात एक ठोका पुरत नाही, म्हणून नंतर ही ठोक्यांची माळ आली, ते नव्वदच्या दशकात.

आणि गंमत म्हणजे ओटीत ह्या टेस्टला सगळे नुसतं ‘मोटर’ म्हणतात. ‘सर मोटर घेतो’ म्हटलं की सर्जन हात वर करतात, कारण त्या वेळी अंग जरा दचकतं. मला मोटर म्हटलं की पाच एचपी सोडून काही सुचत नाही.

हाताला पण सुया लावतात. हाताची लाइन मानेतनंच जाते, ऑपरेशनच्या जागेच्या वरनं. म्हणजे हाताची लहर चांगली आणि पायाची गेली तर फॉल्ट मणक्यात, आणि हात-पाय सगळंच गेलं तर बीपी, भूल, नाहीतर मशीन. एका घरातलाच दिवा गेलाय का सगळ्या गावाची लाइट गेलीय, तोच हिशोब. आणि स्क्रू घातल्यावर स्क्रूला करंट देऊन बघतात, कमी करंटलाच पायाचा स्नायू उडाला तर हाडाची भिंत फुटून स्क्रू नसेजवळ गेलाय, म्हणजे इन्सुलेशन गेलंय. मी म्हटलं हे तर आमचं इन्सुलेशन तपासायचं मेगर.

भूलवाल्या मॅडमचा पण ह्यात मोठा वाटा आहे, ते बिलात कुठं दिसत नाही. नेहमीचा भुलीचा गॅस जास्त दिला तर ह्या लहरी दबतात, स्नायू ढिले करायचं औषध दिलं तर मोटर येतच नाही. म्हणून नळी घालायच्या वेळेपुरतं ते औषध, मग बंद, आणि शिरेतनं दुधासारखं पांढरं औषध चालू ठेवून झोपवायचं. म्हणजे भूल देणाऱ्यांना हे जमत नसेल तर नुसतं मशीन आणून काही होत नाही.

ऑपरेशन सकाळी साडेआठला सुरू झालं. दुपारी एक वाजून गेला, दीड झाला, कुणी बाहेर येईना. तिची आई पोथी घेऊन बसली होती, पान उलटत नव्हती. पावणेतीनला निरोप आला की झालंय, ठीक आहे. आत काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी त्या पोरानं चहावर सांगितलं आणि सर्जन साहेबांनी पण नंतर तेच सांगितलं.

सगळे स्क्रू बसले, लहरी चांगल्या. पहिला रॉड बसवून फिरवला आणि चार-पाच मिनिटात ‘सर, डाव्या पायाची मोटर गेली’. उजवी आहे, हात दोन्ही आहेत, डावा पाय सपाट. खालून वर जाणारी लाइन अजून चांगलीच दिसत होती बरं का. म्हणजे ती एकच टेस्ट लावली असती तर त्या क्षणाला कुणाला काही कळलं नसतं. साहेबांनी हात काढले. त्यांच्याकडं ह्यासाठी भिंतीवर छापील यादी चिकटवलेली आहे, घाईत विसरू नये म्हणून. मॅडमनी बीपी वर घेतलं, ते रक्त कमी जावं म्हणून आधी मुद्दाम जरा खाली ठेवलेलं, सरासरी ८५ च्या वर नेलं, रक्त चढवायला लावलं, औषध काही जास्त गेलंय का बघितलं, अंगाचं तापमान बघितलं. ह्या पोरानं टेबलाखाली वाकून पायाच्या सुया निघाल्यात का बघितलं. नव्हत्या निघालेल्या. मग साहेबांनी रॉडचे नट ढिले केले, मणका परत जरासा वाकडा होऊ दिला, जखमेत कोमट सलाइन टाकलं आणि सगळे गप उभे राहिले. तो म्हणाला, काका, ती वीस मिनिटं कुणी बोललं नाही, मी दर दोन मिनिटाला मोटर घ्यायचो आणि ‘नाही सर’ म्हणायचो. सहाव्या-सातव्या वेळी बारीक आली. मग वाढत गेली. पूर्वीइतकी झाल्यावर त्यांनी परत रॉड लावला, पण कमी फिरवला.

त्यानं मला त्या लहरींची पट्टी कागदावर काढून दिली. एकाखाली एक रेघा, डोंगर, डोंगर, डोंगर, मग सरळ रेघ, सरळ, सरळ, परत एक उंचवटा. मी आयुष्यात पुष्कळ मीटर बघितले पण त्या पट्टीकडं बघताना माझे हात थरथरले.

आता पोरीचा कोन २४ आहे. ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त उरला. पाहुण्यांच्यात एक-दोघं म्हणाली, एवढे पैसे घालून पूर्ण सरळ नाही झालं होय? त्यांना मी काय सांगू.

तिसऱ्या दिवशी ती चालली. जिभेच्या कडेला चावा बसलेला, सुजलेली, आईला वाटलं पडली की काय, तर मोटर घेताना जबडा आवळला जातो म्हणून दातात गॉजचा बोळा ठेवतात, तरी कधी होतं असं. आठ दिवसांनी घरी केस विंचरताना डोक्यात बारीक बारीक खपल्या लागल्या, तिच्या आईनं त्या मोजल्या. सुयांच्या जागा. त्या खपल्या मी काढू दिल्या नाहीत, आपोआप पडू दे म्हटलं.

आता हे मशीन म्हणजे देव नाही हे पण लिहायला पाहिजे, नाहीतर हॉस्पिटलवाले माझं पत्र कापून भिंतीला लावतील. कधी उगाच ओरडतं, सुई निघाली, बीपी पडलं, पाय गार पडला तरी लहर जाते, आणि सर्जननं प्रत्येक वेळी थांबायचं म्हणजे वेळ जातो. कधी ओरडत पण नाही. माझ्या भाच्यानं मोबाइलवर एक जुनी पाहणी शोधून दिली, १९९५ साली छापलेली, ५१,२६३ ऑपरेशनांची, तेव्हा फक्त एसएसईपी होतं. त्यात लहर चांगली राहून पण पेशंटला इजा झाली असं ०.०६३ टक्के, म्हणजे दहा हजारात सहाच्या आसपास. पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली, ज्या टीमला ह्या कामाची सवय होती त्यांच्याकडं नसांना इजा व्हायचं प्रमाण नवशिक्या टीमच्या निम्म्याहून कमी होतं. डीपी तीच, फ्यूज तोच, फरक डीपीपाशी उभा राहणाऱ्या माणसाचा.

त्या भाऊंचं एक मात्र मला पटतं. मणक्याचं प्रत्येक ऑपरेशन असलं नसतं. साध्या गादी सरकलेल्याच्या ऑपरेशनला हे लागतंच असं नाही, तिथं कुणी ओळ घुसवली असेल तर जरूर विचारा, का म्हणून. आणि नुसतं मशीनचं भाडं लावून माणूस अर्धा वेळच बसत असेल तर ती लूटच आहे, तिथं मी तुमच्या बाजूला. पण बाक सरळ करायचा असेल तर ओळ खोडायच्या ऐवजी प्रश्न विचारा, दोन्ही टेस्ट करणार का नुसती एकच, बसणारा माणूस कोण, त्यानं असल्या किती केस केल्यात, पहिल्या स्क्रूपासनं टाके घालेपर्यंत तो बसणार का, एकाच वेळी दोन ओटी तर बघत नाही ना, आणि लहर गेली तर तुमच्याकडं काय करायचं ठरलंय. आम्ही विचारलं तेव्हा कुणी रागावलं नाही. जो रागावेल त्याच्याकडं करू नका, असं माझं मत. सरकारी योजनेतनं करणार असाल तर ह्याचा खर्च पॅकेजमधे धरलाय का, नसेल तर कोण देणार, हे भरती व्हायच्या आधी लिहून घ्या, आदल्या रात्री नको.

आणि संपादक साहेब, आपल्याला एक विनंती. द्राक्षाच्या औषधांची पानं दर आठवड्याला छापता तसं एकदा पोरांना पुढं वाकवून पाठ कशी बघायची त्याचं चित्र छापा. मोठं छापा. मास्तर लोक वर्गात लावतील. आमचे आठ महिने गेले.

त्या भाऊंचं नाव-गाव आपल्याकडं असेलच, त्यांना माझा निरोप द्या. ते खोडलेलं एस्टिमेट आणि ती पट्टी दोन्ही दुकानात आहे, बघायला या म्हणावं. सोमवारी बंद असतंय, बाकी कधीही, लाइट असो नसो.

आपला एक वाचक,
मोटर रिवाइंडिंगवाला, पलूस, जि. सांगली